नवा गृहपाल रुजू होतो तेव्हा

सरकारी वसतिगृहाचा गृहपाल व्हायला स्वयंपाक यावा लागत नाही, भांडण सोडवता यावं लागत नाही, मोटार दुरुस्त करता यावी लागत नाही. परीक्षा पास व्हावी लागते. 2024 च्या ऑक्टोबरात समाज कल्याण आयुक्तालयानं 219 जागांची जाहिरात काढली. तिच्यात 92 जागा महिला गृहपालांच्या होत्या आणि 61 सर्वसाधारण. या परीक्षेत मराठी असतं, इंग्रजी असतं, सामान्य ज्ञान असतं आणि बौद्धिक चाचणी असते. बौद्धिक चाचणीत पिढ्यान्‌पिढ्या एक गणित चालत आलंय. एक नळ टाकी 4 तासांत भरतो, दुसरा 6 तासांत. दोन्ही एकदम सोडले तर टाकी किती वेळात भरेल? आमची पोरं याचं उत्तर कागदाला पेन न लावता देतात. 2 तास 24 मिनिटं. उत्तर बरोबर येतं, यादीत नाव लागतं, पेढे वाटले जातात. मग रुजू झाल्यावर पहिल्याच सोमवारी पहाटे दारावर थाप पडते : "सर, टाकीत पाणी नाही."

या गणिताला पर्याय अ, ब, क, ड नसतात. एक नळ बंद आहे, दुसऱ्या नळाचा व्हॉल्व सोडणारा माणूस फोन उचलत नाही, टँकर चौकातल्या गर्दीत अडकलाय आणि जिन्यात शंभर तरुण खांद्यावर टॉवेल टाकून उभे आहेत, तर गृहपाल किती वेळात भरेल?

विश्रांतवाडी, धानोरी, टिंगरेनगर या पुण्यातल्या आमच्या पट्ट्याला भामा आसखेड धरणाचं पाणी येतं. योजनेचं उद्घाटन 1 जानेवारी 2021 ला झालं. धरण खेड तालुक्यात. म्हणजे तिकडे पंपाची वीज गेली की इकडे, इतक्या मैलांवर, एका पंचविशीतल्या गृहपालाच्या घशाला कोरड पडते. भूगोलाच्या पुस्तकात हा परिणाम कुठं दिलेला नाही.

मी याच समाज कल्याण खात्यातून गृहपाल म्हणून निवृत्त झालो. आता विश्रांतवाडीत राहतो, सकाळी फिरायला जातो आणि नव्या गृहपालांचे फोन घेतो. हे काम मला कोणी दिलेलं नाही. पण आळंदी रस्त्यावर पोलीस ठाण्यासमोर डॉ. बाबासाहेब आंबेडकर सामाजिक न्याय भवन आहे, खात्याची कामं तिथं असतात, बैठका तिथं असतात. बैठक संपली की बाहेरच्या चहाच्या टपरीवर चेहरा पाहूनच कळतं, कोण नवीन आहे. जुना गृहपाल चहा पितो. नवा गृहपाल चहा हातात धरून फोनवर बोलतो आणि तो गार झाल्यावर पैसे देऊन निघून जातो.

एक खुलासा आधीच करतो. खुलासा देण्याची सवय निवृत्तीनंतरही जात नाही. पुढचे प्रसंग निरनिराळ्या जिल्ह्यांतल्या निरनिराळ्या वसतिगृहांतून जमा केलेले आहेत. कोणीही ते अंगावर घेऊ नयेत. तरी दहाबारा जण घेतीलच.

पहिला दिवस. माउलींची पालखी दिघीवरून, विश्रांतवाडीवरून पुण्यात जाते आणि मग हळूहळू प्रवेशाचा हंगाम सुरू होतो. नांदेडहून, बुलढाण्याहून, धाराशिवहून पोरं येतात. एका हातात ट्रंक, दुसऱ्या हातात फाइल, मागे वडील. याच दिवसांत नवा गृहपालही येतो. त्याच्याही एका हातात बॅग असते, दुसऱ्या हातात फाइल, आणि पुष्कळदा मागे वडीलही असतात. फाटकावरचे सुरक्षारक्षक मामा दोघांकडे बघतात आणि म्हणतात, "यादी अजून लागली नाही. सोमवारी ये."

"मामा, मी गृहपाल आहे."

"सगळे असंच म्हणतात," मामा म्हणतात. ते खरंही असतं. आदल्या वर्षी एकानं तसं म्हणून मित्राला आत नेलेलं असतं.

मग नियुक्तीचा आदेश दाखवला जातो. मामा तो सरळ धरून, उलटा धरून वाचतात आणि उठून सलाम ठोकतात. तो सलाम वडिलांना असतो. त्यांचं वय त्या पदाला जास्त शोभत असतं.

मग चार्ज. आधीचा गृहपाल मूळचा दुसऱ्या वसतिगृहाचा; इथला त्याचा अतिरिक्त कार्यभार. अतिरिक्त कार्यभार सोडताना माणसाला जो आनंद होतो तो पाहण्यासाठी तरी एकदा चार्ज देण्याघेण्याच्या वेळी हजर राहावं. तो डेडस्टॉक रजिस्टर पुढं करतो, पेनाचं टोपण स्वतः काढून देतो आणि म्हणतो, "इथं सही करा, इथं करा, आणि इथं. बाकी सगळं ठीक आहे."

रजिस्टरात लोखंडी खाटा 96 असतात. प्रत्यक्षात 94 भरतात. उरलेल्या दोनपैकी एक गच्चीवर, तिच्यावर पाण्याची छोटी टाकी ठेवलेली. दुसरी स्वयंपाकघरात, तिच्यावर कांद्यांची पोती. कॅरम बोर्ड एक नग, सोंगट्यांची नोंद नाही. सतरंज्या 12, पैकी जीर्ण 12. एक पितळी घंटा, जी शेवटची कोणी आणि का वाजवली हे कोणालाच आठवत नाही. नवा माणूस म्हणतो, मोडक्या खुर्च्या फेकून देऊ या. आधीचा गृहपाल दयाळूपणे हसतो. मोडकी खुर्ची फेकायची म्हणजे निर्लेखनाचा प्रस्ताव. प्रस्ताव वर जाणार, त्रुटी निघून खाली येणार, पुन्हा वर जाणार. तेवढ्या अवधीत सागाचं झाड लावून नवी खुर्ची तयार होईल. म्हणून मोडक्या खुर्च्या प्रत्येक वसतिगृहात एका खोलीत सुखानं राहतात आणि खोली मिळाली नाही म्हणून मुलं बाहेर थांबतात.

नवे गृहपाल साधारण तीन प्रकारचे असतात.

पहिला कडक. त्याला कोणीतरी सांगितलेलं असतं की पहिल्या दिवशी धाक बसला नाही तर कधीच बसत नाही. तो रात्री जागून नियमावली लिहितो आणि सकाळी नोटीस बोर्डावर लावतो. दुपारी जाऊन बघतो तर कोणीतरी लाल पेनानं ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केलेलं असतं. बाजूला गुण दिलेले : दहापैकी साडेचार. वसतिगृहातली निम्मी पोरं एमपीएससीची तयारी करत असतात, हे त्याच्या लक्षात राहिलेलं नसतं. संध्याकाळी टेबलावर माहिती अधिकाराचा अर्ज येतो, कलम 6(1) नुसार, कोर्ट फीचं तिकीट लावून : 'सदर नियम क्रमांक 7 कोणत्या शासन निर्णयान्वये लागू करण्यात आला त्याची छायांकित प्रत मिळावी.' अर्जाची भाषा इतकी नेटकी असते की कडक गृहपाल पुढं वर्षभर स्वतःची पत्रं त्या नमुन्यावरून लिहितो.

दुसरा दोस्त. तो पहिल्याच रात्री कॅरमच्या सोंगट्या स्वतःच्या पैशानं आणतो, सगळ्यांना आपला नंबर देतो आणि मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपात सामील होतो. आठवडाभर त्याला वाटतं की आपल्या आधीच्या लोकांना ही साधी गोष्ट कशी सुचली नाही. मग रात्री दोनला मेसेज यायला लागतात. 'सर झोपलात का?' 'सर, निर्वाह भत्ता कधी पडणार?' 'सर, रूम नंबर 14 मध्ये एक जण घोरतोय.' घोरण्यावर कारवाई करण्याची तरतूद कोणत्याही शासन निर्णयात नाही. मुलांनी ते शोधून ठेवलेलं असतं. आणि ज्या दिवशी हा दोस्त हजेरीत तिघांची गैरहजेरी मांडतो, त्या दिवशी ग्रुपवर एकच ओळ येते : 'सर पण शेवटी सरच निघाले.' इतकं लागणारं वाक्य त्याला पुढं कुठला साहेबही बोलत नाही.

तिसरा प्रकार माझ्या आवडीचा. हा स्वतः अशाच वसतिगृहात राहून शिकलेला असतो. तो ऑफिसात बसायच्या आधी मागच्या भिंतीकडे जातो. एका विशिष्ट जागी थांबतो, विटेवरची घासलेली खूण बघतो आणि म्हणतो, "अजून इथूनच का?" मागे उभ्या असलेल्या मुलांचे चेहरे त्या क्षणी बघण्यासारखे असतात. गृहपालाला पदवीपेक्षा आणि एमएससीआयटीपेक्षाही जास्त उपयोगी काय पडत असेल, तर त्याचं पूर्वचरित्र.

पण तिन्ही प्रकारांची रात्र सारखीच असते. ऑफिसला कुलूप लागलं, शिपाई घरी गेला, की त्या इमारतीत सरकार म्हणून जे काही उरतं ते म्हणजे हा एकटा पंचविशीतला मनुष्य. कोणाला ताप आला, कोणाचं पाकीट गेलं, कोणाच्या गावी वडील वारले आणि निरोप गृहपालाच्या फोनवर आला, तर त्यानं काय करायचं?

तो विचारतो. नवा माणूस विचारतोच. पत्रानं विचारलं तर उत्तर येतं : 'आपल्या स्तरावर नियमानुसार उचित कार्यवाही करावी.' हे वाक्य ज्यानं पहिल्यांदा लिहिलं त्याचा पुतळा उभारायला हवा, पण त्याचा प्रस्ताव कोणाच्या स्तरावर मंजूर करायचा हे ठरणार नाही. नवा गृहपाल मग खरंच आपल्या स्तरावर कार्यवाही करतो. तापानं फणफणलेल्या मुलाला रात्री रिक्षात घालून ससूनला नेतो, पहाटे परत आणतो. तिसऱ्या दिवशी दुसरं पत्र येतं : 'मुख्यालय सोडताना पूर्वपरवानगी घेतली होती किंवा कसे, याचा खुलासा तीन दिवसांत सादर करावा.'

विश्रांतवाडीहून पुण्याकडे निघालं की फुलेनगरला आरटीओचं कार्यालय लागतं. तिथं मला नेहमी वाटतं की मोटार वाहन कायदा करणाऱ्यांना माणसाचं मन आमच्या खात्यापेक्षा जास्त कळलं होतं. शिकाऊ परवाना सहा महिन्यांचा. गाडीला पुढं-मागं 'एल' लावायचा, म्हणजे रस्त्यावरच्या लोकांनी समजून घ्यावं. आणि मुख्य म्हणजे शिकाऊ माणसाच्या शेजारी पक्का परवाना असलेला मनुष्य बसलाच पाहिजे, वेळ पडली तर गाडी थांबवता येईल असा. एक मारुती, चार चाकं, त्यासाठी एवढी काळजी. आणि शंभर पोरांचं वसतिगृह आपण ज्याच्या हाती देतो त्याला परिविक्षेची दोन वर्षं असतात, पण शेजारची सीट रिकामी. त्याच्या गळ्यात 'एल' नाही, त्यामुळे पहिल्या दिवसापासून सगळे मागून हॉर्न वाजवतात.

शेजारी बसायला कोणी नसतं असंही नाही. वेळ पडली की दोन जातींचे लोक येऊन बसतात आणि दोघंही गाडी बिघडवतात. एक जण व्हिजिट बुकवाला. तो अर्ध्या तासासाठी येतो, टेबलावरून बोट फिरवून धूळ बघतो, चहा पितो आणि शेरा लिहितो : 'स्वच्छता ठीक. सुधारणेस वाव आहे.' कशात वाव आहे, ते तो आणि देव जाणे. दुसरा 'आमच्या वेळी'वाला. ही जमात माझ्या वयाची आहे, त्यामुळे मी तिला जवळून ओळखतो. यांच्या वेळी मुलं गृहपाल दिसला की भिंतीला चिकटून उभी राहायची, यांच्या वेळी डाळीत चमचा उभा राहायचा, यांच्या वेळी तक्रारपेटीत फक्त आभाराची पत्रं निघायची. यांना अडचण सांगितली की हे शेजारच्या सीटवरून सरळ स्टिअरिंग धरतात. "हो बाजूला, मी बघतो." ते बघतात, दोन मुलांना झापतात, ठेकेदाराला दरडावतात आणि निघून जातात. दुसऱ्या दिवशी मुलं नव्या गृहपालाला विचारतात, "सर, कालचे मोठे सर परत कधी येणार?" संपलं. दोन महिन्यांची त्याची कमाई एका रात्रीत गेली.

शेजारी बसणं म्हणजे काय, ते एका रात्रीवरून सांगतो. वसतिगृहाचं नाव सांगत नाही. डोक्यावरून लोहगावची विमानं जातात, एवढं पुरे.

रात्री साडेआठला फोन आला. "सर, मुलांनी ताटं उलटी ठेवलीत. डाळ पातळ आहे म्हणतात. येता का?" मी गेलो. जेवणघराच्या दाराशी बाकडं होतं त्यावर बसलो. नवा गृहपाल माझ्याकडे बघत होता. मी पंख्याकडे बघत होतो. न बोलण्याचे कष्ट काय असतात ते निवृत्त माणसालाच विचारा.

पोरं उभी. मधोमध डाळीचं पातेलं. ठेकेदाराचा माणूस स्वयंपाकाच्या मावशींच्या मागे लपलेला. गृहपालानं पळी घेतली, डाळ वर उचलली आणि सोडली. ती नळाचं पाणी पडावं तशी पडली, आवाजासकट. "ही डाळ नाही," मागून एक जण म्हणाला, "ही डाळीची आठवण आहे." सगळे हसले. गृहपालालाही हसू आलं, पण हसावं की नाही हे प्रशिक्षणात सांगितलेलं नव्हतं, म्हणून त्यानं ओठ दाबले.

मग त्यानं छाती पुढं काढली. मला त्याचा चेहरा बघूनच कळलं की आता हा 'शिस्त' या शब्दानं सुरू होणारं वाक्य बोलणार. त्यानं तोंड उघडलं आणि तेवढ्यात हवाई दलाचं सुखोई गेलं. ते जातं तेव्हा ताटं थरथरतात, कुत्री गप्प होतात आणि बोलणाऱ्याचे नुसते ओठ हलताना दिसतात. आवाज विरेपर्यंत त्याचं वाक्य बोलून संपलं होतं आणि कोणीही ते ऐकलं नव्हतं. आपल्या संरक्षण दलांनी या देशावर जे उपकार केलेत त्यांत हा एक धरायला हरकत नाही.

त्या शांततेत त्याला दुसरं काहीतरी सुचलं. तो पातेल्याजवळच्या बाकावर बसला. "डाळ कधीपासून पातळ आहे?"

"पहिल्यापासूनच हाय सर."

"मग ताटं आजच का उलटी?"

कोणी बोलेना. एकानं दुसऱ्याकडे पाहिलं, दुसऱ्यानं चपलेकडे. शेवटी खिडकीजवळचा एक काटकुळा पोरगा म्हणाला, "सर, ह्याचा परीक्षेचा फॉर्म कॉलेजनं घेतला नाय. फी भर म्हणले. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज कॉलेजच्याच लॉगिनला पडून हाय. उद्या शेवटची तारीख. ह्यो दुपारपासून जेवला नाय. मग आमी पण जेवलो नाय."

डाळीचा विषय तिथंच संपला. गृहपालानं त्या मुलाची फाइल मागवली, अर्जाची प्रत काढली, कॉलेजला द्यायचं पत्र तिथंच जेवणाच्या टेबलावर लिहिलं. मुलांनी त्याचं शुद्धलेखन तपासलं. सकाळी दहाला तो स्वतः कॉलेजात जाऊन उभा राहिला आणि फॉर्म भरून घेतला. आणि परत आल्यावर, हे मला फार आवडलं, तो स्वयंपाकघरात गेला आणि तूरडाळ मापात पडेपर्यंत तिथंच उभा राहिला. कारण डाळ खरोखरच पातळ होती. खरं कारण दुसरं निघालं म्हणून पहिली तक्रार खोटी ठरत नाही. हे शहाणपण पुष्कळ मोठ्या साहेबांना निवृत्तीपर्यंत येत नाही.

रात्री फाटकापर्यंत सोडायला आला तेव्हा म्हणाला, "सर, तुम्ही काहीच बोलला नाहीत."

"बोलायचं ठरवलं होतं," मी म्हटलं, "विमान आलं."

महिला गृहपालांचं प्रकरण वेगळं आहे आणि जास्त अवघड आहे. मुलांच्या वसतिगृहात मुलं तक्रार करतात; मुलींच्या वसतिगृहात आईवडील करतात. सव्वीस वर्षांची ती बाई, अजून तिची स्वतःची आई रोज फोन करून "जेवलीस का?" विचारते, आणि तिला मात्र शंभर वडील फोन करून विचारतात, "मॅडम, आमची जेवली का?" मुलगी वर्गात असते म्हणून फोन उचलत नाही, वडील तेवढ्या वेळात गावातल्या सरपंचांपर्यंत जाऊन आलेले असतात. रात्री दहाला खाली येऊन एखादी मुलगी काहीही न बोलता मॅडमच्या खोलीत नुसती बसून राहते. तिला उठवायचं नसतं आणि विचारायचंही नसतं. हे कोणत्या पुस्तकात आहे? त्यात या मॅडमचं स्वतःचं लग्न ठरत असतं. पाहुणे विचारतात, "नोकरी चांगली आहे, पण राहायचं तिथंच?" मुलगा गृहपाल असेल तर निराळीच पंचाईत. "मुलगा हॉस्टेलवर राहतो म्हणजे शिक्षण अजून चालूच आहे का?"

बरं, हे काम काही आज निघालेलं नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1901 पासून जातीजातींची बोर्डिंगं उभी करायला हात दिला आणि त्या शहराला वसतिगृहांची जननी म्हणायला लागले. 1908 मध्ये तिथं अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झालं. त्याच्या समारंभाला जैन बोर्डिंगातला एक विद्यार्थी गेला. परत आल्यावर आंघोळ करून शुद्ध व्हायचं त्यानं नाकारलं आणि बोर्डिंगातून त्याला बाहेर काढलं, असं त्याच्या चरित्रांत येतं. त्या विद्यार्थ्याचं नाव भाऊराव पाटील. पुढं 1919 मध्ये काले इथं त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, 1924 मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारं बोर्डिंग काढलं. बोर्डिंगातल्या मुलांना धान्य नव्हतं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं. त्या खर्चाचं लेखाशीर्ष आजतागायत कोणाला सापडलेलं नाही.

मी प्रत्येक नव्या गृहपालाला ही गोष्ट सांगतो, ती प्रेरणा मिळावी म्हणून नाही. 'सदर विद्यार्थ्याचा प्रवेश रद्द करण्यात येत आहे' असा आदेश टाइप करून झाला की एक रात्र थांबा, एवढ्यासाठी सांगतो. समोरचा पोरगा नुसताच दांडगट असण्याची शक्यता बरीच आहे. पण कोणास ठाऊक, शंभर वर्षांनी तुमची ओळख 'ज्यांनी अमक्याला काढलं ते' एवढीच उरायची.

गंमत अशी की रयत निघाली त्याच 1919 साली अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये विद्यार्थ्यांची देखभाल करणारे काही डीन एकत्र जमले. त्यातून पुढं त्यांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली, ती आज 'नास्पा' नावानं चालते. तिथं विद्यार्थ्यांकडे बघणं हा स्वतंत्र व्यवसाय आहे. त्याची एमए असते, परिषदा असतात, नव्या माणसाला कसं सांभाळावं यावर चर्चासत्रं असतात. आपल्याकडे 2016 च्या विद्यापीठ कायद्यानं विद्यार्थी विकास मंडळ आलं आणि कॉलेजात विद्यार्थी विकास अधिकारी. हा अधिकारी म्हणजे बहुतेक वेळा असा प्राध्यापक, जो ती जबाबदारी वाटली जात होती त्या बैठकीला गैरहजर होता. परिषदा आपल्याकडेही होतात. त्यात पुष्पगुच्छ दिले जातात, प्रास्ताविक होतं, मान्यवर दोन शब्द बोलतात आणि वेळेअभावी नव्या गृहपालांचे प्रश्न पुढच्या बैठकीत घ्यायचं ठरतं.

पुण्यात याहून साधा रस्ता कोणी चालून दाखवला नाही असं नाही. अच्युतराव आपट्यांनी 1955 मध्ये विद्यार्थी सहायक समिती काढली. खेड्यातून आलेल्या मुलाला खोली आणि जेवण एवढ्यावर भागत नाही, पाठीशी माणूस लागतो, हे समितीनं ओळखलं. माझं म्हणणं एवढंच की हा नियम मुलालाच लागू नाही, त्याच्या गृहपालालाही आहे. तोही खेड्यातूनच आलेला असतो.

म्हणून खात्याला विनंती, आणि ती बिनखर्चाची आहे. रुजू आदेशात सगळं असतं : वेतनश्रेणी, परिविक्षा, मुख्यालय, वैद्यकीय प्रमाणपत्र, चारित्र्य पडताळणी. त्यात एक ओळ वाढवा. 'अमुक अमुक जुने गृहपाल पहिलं वर्ष यांच्या पाठीशी राहतील.' त्या जुन्या माणसाला अधिकार देऊ नका, गाडी देऊ नका, व्हिजिट बुक तर मुळीच देऊ नका. आठवड्यातून एकदा त्यानं जावं, मुलांबरोबर जेवावं, विचारलं तरच बोलावं. नव्या गृहपालाचं चुकलं तर ते चारचौघांत सांगू नये, बरोबर आलं तर चारचौघांत सांगावं. महिन्यातून एक रात्र त्याच्या जागी झोपायला जावं आणि त्याला सांगावं, "जा, घरी जाऊन ये. आई वाट बघतेय." पहिल्या वर्षी दिलेली ही एक सुट्टी पुढच्या दहा परिपत्रकांना भारी आहे.

नव्या गृहपालांना दोन गोष्टी सांगतो. मोजल्याशिवाय सही करू नका आणि मोजायला एकटे जाऊ नका. मुलं तुमच्या आडनावाआधी तुमची झोप मोजतात, तेव्हा झोपत जा. बाकीचं सगळं येतं.

आणि माझ्याबरोबर निवृत्त झालेल्यांनो, तुमच्याशी भांडण आहे. सकाळी बागेत हसायच्या क्लबात हात वर करून हसता, तेवढ्यात नव्या पोराचा फोन आला की "बघू, उद्या बोलू" म्हणता. उचला तो फोन. एक मुलगा वसतिगृहात चार वर्षं राहतो. हा गृहपाल तीस वर्षं राहणार आहे. पहिल्या वर्षी त्याला आपण जसे भेटू, तसा तो त्या प्रत्येक मुलाला भेटणार आहे. फोन उचला, आणि उचलल्यावर पहिली दहा मिनिटं 'आमच्या वेळी' म्हणू नका.